मंगळवारची समोरची खुर्ची

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. हे लिहितानाही आहे असं म्हणणार नाही. सोलापुरातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी एकवीस वर्षं काम करते. माढा-मोहोळकडचे वार्ताहर अमावस्येच्या, झपाटलेल्या विहिरींच्या बातम्या पाठवायचे, त्या मीच केराच्या टोपलीत टाकल्या आहेत. "प्रत्यक्ष पाहणारा कोण? त्याचा नंबर दे," एवढं म्हटलं की पलीकडचा माणूस विषय बदलायचा. इथे प्रत्यक्ष पाहणारे तीन जण आहेत, तिघांचेही नंबर माझ्याकडे आहेत... तरीही ही बातमी दुसऱ्या कुणी पाठवली असती तर मी लावली नसती.

नावं बदलली आहेत. बाकी तपशील आहेत तसे.

हॉटेल विजापूर रोडला, तळमजल्यावर. रस्त्याच्या बाजूला पूर्ण काच, आत अकरा टेबलं, मागे दोन पायऱ्या चढून फॅमिली सेक्शन. चायनीजशिवाय तिथे काही मिळत नाही. पण प्रत्येक टेबलावर सॉसच्या बाटल्यांशेजारी शेंगाचटणीची वाटी असते आणि लोक ती बिनधास्त फ्राइड राइसवर घालून खातात. मालक पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वाढायला सलीमभाई, वय पन्नाशीच्या पुढे, हॉटेल उघडल्यापासून तिथेच. मंगळवारी गर्दी कमी असते, कारण निम्मं गिऱ्हाईक त्या दिवशी चिकन खात नाही. हा तपशील महत्त्वाचा आहे. गर्दीत माणूस ओळखायला चूक होऊ शकते. चारच टेबलं भरलेल्या हॉटेलात, तीही दर आठवड्याला, सहसा होत नाही.

माझे पती, इथे त्यांना दिलीप म्हणते, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन बघतात. त्यांची सुट्टी मंगळवारी, माझी शनिवारी. मी दुपारी चारला ऑफिसात जाते आणि परत येते तेव्हा ते झोपलेले असतात. सकाळी ते निघतात तेव्हा मी. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून घरात बोलायला निमित्तच उरलं नव्हतं. मंगळवारी दुपारपर्यंत दोघंही घरात असायचो, पण तो वेळ गिरणी, गॅस, बँक आणि आपापला मोबाईल यात संपायचा. भांडण नव्हतं. भांडायलाही समोरासमोर बसावं लागतं.

एका शनिवारी दुपारी नूडल्सचं पार्सल घ्यायला मी एकटीच त्या हॉटेलात गेले. सलीमभाईंनी काचेजवळच्या शेवटच्या टेबलाची खुर्ची ओढली.

"या मॅडम. आज शनिवारी कशा? साब किदर?"

"पार्सल न्यायचंय. का?"

"नाही, मंगळवारकू बराबर साडेसातला येता ना तुमी दोघं. म्हणून विचारलो."

मंगळवारी संध्याकाळी साडेसातला मी गेल्या कित्येक महिन्यांत डेस्क सोडलेलं नव्हतं.

पहिला विचार काय आला, ते वाचणाऱ्यांना सांगायची गरज नाही. दिलीप कुणाला तरी घेऊन येतात आणि सलीमभाई तिला मी समजताहेत. मग आधी पाहिलेल्या, पण एकमेकींना न जोडलेल्या गोष्टी जोडल्या गेल्या. सुट्टीच्या दिवशी दाढी न करणारा माणूस मंगळवारी संध्याकाळी दाढी करत होता... मी रात्री परत यायचे तेव्हा बेसिनजवळचा ब्रश ओला असायचा. क्रीम रंगाचा नवा शर्ट आठवड्यात एकदाच, बुधवारी, धुवायला पडायचा. मंगळवारी दुपारी बाथरूममधून गुणगुणणं ऐकू यायचं. मी त्या बाईला मनातल्या मनात चेहरे देऊ लागले. कारखान्याच्या ऑफिसातली एक. आमच्या बिल्डिंगमधली एक. सगळ्या माझ्यापेक्षा लहान, सगळ्या बारीक.

पार्सल होईपर्यंत मी काउंटरवर अण्णांकडे गेले. सरळ विचारलं, "अण्णा, मंगळवारी आमच्या साहेबांबरोबर कोण असतं?"

अण्णांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. "काय ओ मॅडम, आमचीच फिरकी घेताय की."

"खरंच विचारतेय."

"तुम्हीच असता की ओ! हाच चष्मा, हीच पर्स. एक मंचाव वन बाय टू, मग एक हक्का नूडल्स, तीपण दोघांत." ते थोडे पुढे झुकले. "खोटं वाटलं तर कुकला विचारा. साहेब असे हसतात की तो झारा घेऊन बाहेर बघायला येतो. म्हणतो, लग्न नवीन झालंय काय यांचं?"

लग्नाला बावीस वर्षं झाली आहेत. दिलीपच्या हसण्याने कुणी स्वयंपाकघरातून बाहेर आल्याचं मला आठवत नाही. आणि मी कुणाबरोबर सूप वाटून घेत नाही. मला सूपचा पूर्ण बोल लागतो.

अण्णा आणि सलीमभाई दिलीपना सांभाळून घेताहेत, असा निष्कर्ष मी काढला. घरी काही बोलले नाही. मंगळवारची वाट पाहिली.

त्या मंगळवारी तीन वाजून चोपन्न मिनिटांनी माझं बोट ऑफिसच्या हजेरीच्या मशीनवर लागलं. शहर पान माझ्याकडे होतं. समोर जाधव, आमचा उपसंपादक. सात एकेचाळीसला मी डेस्कवरूनच दिलीपना फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला.

मागे भांड्यांचा आवाज, कढईत काहीतरी परततानाचा. आणि दिलीप हसत म्हणाले, "अगं, समोर बसून फोन काय करतेस!"

मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. एकोणीस सेकंदांची नोंद अजून आहे.

जाधवला म्हटलं, अर्ध्या तासात येते. तो म्हणाला, "मॅडम, बरं वाटत नाही का? पांढऱ्या पडलाय तुम्ही." ऑफिस सात रस्त्याजवळ. स्कूटरवरून हॉटेलपर्यंत नऊ-दहा मिनिटं लागतात. मी रस्त्याच्या पलीकडे, उभ्या रिक्षाच्या आडोशाला थांबले. काचेतून शेवटचं टेबल स्वच्छ दिसत होतं.

दिलीप होते. क्रीम शर्ट. टेबलावर सूपचे दोन बोल. समोरची खुर्ची बाहेर ओढलेली — आणि रिकामी.

मी चष्मा पुसला. खुर्ची रिकामीच होती. दिलीप बोलत होते, थांबत होते, ऐकत होते. मान डोलावत होते. मग मान मागे टाकून हसले. त्यांचे वरचे दात मला बऱ्याच वर्षांनी दिसले. सलीमभाई जग घेऊन आले. त्या खुर्चीकडे वाकून काहीतरी ऐकलं, हसून मान हलवली आणि समोरच्या ग्लासात पाणी ओतलं. बाजूच्या टेबलावरची लहान मुलगी तिकडे बघून हात हलवत होती. तिथे बसलेलं माणूस त्या हॉटेलात सगळ्यांना दिसत होतं. मला दिसत नव्हतं.

भीती वाटली नाही. हे मी प्रामाणिकपणे नोंदवते, कारण अशा अनुभवांत लोक भीतीबद्दलच लिहितात. मला राग आला होता. तिचा. तीन दिवस ज्या चेहऱ्यांवर जळत होते ते सगळे गेले आणि एकच उरला. माझा चष्मा घालून, माझी पर्स घेऊन ती तिथे बसली होती, आणि जे मला येत नाही ते तिला येत होतं.

मी रस्ता ओलांडून आत गेले. अण्णांनी काउंटरवरून नुसती मान हलवली. सलीमभाई माझ्या वाटेतून बाजूला झाले, जसं टेबलावर परतणाऱ्या माणसासाठी होतात. दिलीप म्हणाले, "झाले हात धुऊन?"

मी बसले. खुर्ची गरम होती.

समोरचा बोल निम्मा संपलेला होता. दिलीप टेबलावर कोपरं टेकून माझ्याकडे पाहत होते, गोष्ट ऐकायला बसलेल्या माणसासारखे. "हं, मग? त्या मास्तरांचं पुढं काय झालं?"

"कोणते मास्तर?"

"अगं आत्ता सांगत होतीस ना. बकरी घेऊन शाळेत आलेले."

मला असे कोणतेही मास्तर माहीत नव्हते. मी बोलमध्ये चमचा फिरवला. दिलीपची कोपरं टेबलावरून खाली आली. "राहू दे," म्हणाले. "एकदम गप्प का झालीस? दमलीस?" सलीमभाईंनी नूडल्स आणल्या. आम्ही खाल्ल्या. घरी खातो तसं खाल्लं.

हात पुसताना त्यांनी विचारलं, "तुझ्या साहेबांशी बोललीस का मग? डे शिफ्टचं?"

"काय डे शिफ्टचं?"

"गेल्या मंगळवारी तूच म्हणालीस की. पुढच्या महिन्यापासून संध्याकाळी घरी असेन म्हणून. त्याच्यावर तर मी पुण्याला नाही म्हणून कळवलं."

पुण्याला काय, हे मला माहीत नव्हतं. ते मी तिथेच, पेपर नॅपकिन हातात धरून, प्रश्न विचारत काढून घेतलं. पुण्याच्या एका कंपनीने त्यांना नोकरी देऊ केली होती. मुलीजवळ राहायचं, एकट्याने, असं त्यांचं ठरत आलं होतं. मला सांगायचं कसं, हे ठरत नव्हतं. म्हणून एका मंगळवारी ते एकटेच इथे येऊन बसले होते. आणि 'तुम्ही काचेतून दिसलात म्हणून आत आले,' असं म्हणत मी समोर बसले होते.

"सगळं सांगितलंय की तुला," दिलीप म्हणाले. "रडलो पण तुझ्यासमोर. तू म्हणालीस, 'अरे, वेड्या.' बावीस वर्षांत पहिल्यांदा मला अरे म्हणालीस."

"मग घरी याबद्दल कधी बोलला का नाहीत?"

"तूच म्हणालीस, इथलं इथंच राहू दे. घरी नको."

मी ऑफिसात परत गेले. पान छपाईला वेळेत सुटलं. जाधवला विचारलं, मागच्या मंगळवारी साडेसात ते साडेआठ मी कुठे होते? तो म्हणाला, "इथंच. माझ्या हेडिंगला तीनदा नावं ठेवलीत, कसं विसरीन?" दुसऱ्या दिवशी मी मागच्या सगळ्या मंगळवारांची हजेरी काढून घेतली. नोंदींत एकही फट नाही. पानं कुणी किती वाजता सोडली याचीही नोंद असते. तिथेही माझंच नाव.

गुरुवारी मी गजर लावून दिलीपबरोबर उठले. चहा करून त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. फोन, रिक्षा, रिकामी खुर्ची. हजेरीचे कागद पुढे ठेवले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले, कारखान्यात मालाच्या लॉटची शीट तपासतात तसे, बोट ठेवून. फोनबद्दल एवढंच म्हणाले, "तू मोबाईल हातात धरून माझ्याकडं बघून हसत होतीस. म्हणून मला वाटलं, चेष्टा करतेयस."

पुढचं थोडक्यात. मी डे शिफ्ट मागून घेतली. शहर पान गेलं. आता जिल्ह्याची पुरवणी बघते. शब्द मी दिला नव्हता, पण तो माझ्याच तोंडून गेला होता, आणि त्याच्यावर एका माणसाने पुण्याची नोकरी नाकारली होती. मंगळवारी संध्याकाळी आम्ही एकत्र असतो. एका मानसोपचारतज्ज्ञ मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, एकाकी माणसाला असे भास होऊ शकतात. दिलीपपुरतं ते मान्य करता येईल. सलीमभाई, अण्णा, कुक आणि बाजूच्या टेबलावरची ती मुलगी यांना एकाच वेळी तोच भास का व्हावा, ते तिलाही सांगता आलं नाही. खुर्ची गरम का होती, ते मी तिला विचारलंच नाही. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा.

एक गोष्ट मात्र मैत्रिणीलाही सांगितलेली नाही.

त्या गुरुवारी कागद वाचून झाल्यावर दिलीपनी ते एकावर एक जुळवून ठेवले, चहाला हात लावला नाही. चहावर साय धरली. मला वाटलं, घाबरलेत. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. खिडकीकडे बघत, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"म्हणजे... आता ती येणार नाही?"

मी लगेच म्हणाले, "नाही."

हे मला कुठून कळलं, ते त्यांनी विचारलं नाही.