सोनापूर सिग्नलपासून विहारापर्यंत

राजाराम इंगोले माझा शेजारी. लिफ्टमधून बाहेर पडलं की एका बाजूला त्याचं दार, दुसऱ्या बाजूला माझं. झोपड्या होत्या तेव्हाही आम्ही शेजारीच होतो आणि इमारत झाल्यावर सोडतीत घरं निघाली तीही समोरासमोर. म्हणजे या माणसापासून माझी सुटका नाही. वय बासष्ट, भांडुपच्या एका कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त, अंगावर चरबी नावालाही नाही आणि पहाटे उठून माझी बेल वाजवायची खोड. "नंदू, चल. झोपून काय करणारेस?" मग तो मैदानात धावतो आणि मी त्याच्या नावाने खडे फोडत चालतो. माझी एक फेरी होईपर्यंत तो तीनदा मला मागे टाकतो आणि प्रत्येक वेळी काहीतरी टोमणा मारून पुढे जातो.

त्याच्या धावण्यामागे एक कारण आहे. चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, दादरच्या चैत्यभूमीवरून आमच्या मुलुंडच्या वस्तीत ज्योत येते. पोरंपोरी पहाटे तिथे मशाल पेटवतात आणि आळीपाळीने धावत इथवर आणतात. मागे टेम्पो असतो. त्यात पाण्याच्या बाटल्या, स्पीकर, दमलेली पोरं आणि म्हातारी माणसं. भांडुपच्या सोनापूर सिग्नलपासून आमच्या विहारापर्यंतचा शेवटचा टप्पा राजारामचा. तसं कुणी ठरवून दिलेलं नाही. पंचविशीत त्याने पहिल्यांदा मशाल धरली, पुढच्या वर्षीही तोच तिथे उभा होता, मग लोकांनी विचारायचंच सोडलं. लॉकडाऊनच्या वर्षी ज्योत निघाली नाही तर हा बाबा एकटा गच्चीवर टाकीभोवती धावला. खालच्या मजल्यावरच्या बाईने पाणी गळतंय की काय म्हणून प्लंबर बोलावला.

निवृत्त झाल्यावर तो सकाळच्या धावणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरला. डॉक्टर, बँकवाले, दुकानदार, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. निमेश नावाचा एक गुजराती माणूस सगळ्यांना सांभाळतो, त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला माझ्या डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. माणसं चांगली आहेत. पण पहिल्या दिवशी एकाने राजारामला आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग "अच्छा, अच्छा" म्हणाला. बस, एवढंच. राजारामने मला हे हसत सांगितलं, पण मी त्याला लहानपणापासून ओळखतो. त्या ग्रुपमध्ये त्याने ज्योतीचा विषय कधी काढला नाही. मला त्या "अच्छा"वाल्याचा अजून राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही.

त्यामुळे त्याचं धावणं दोन प्रकारचं झालं. रविवारी ग्रुपबरोबर, हात मोकळे. बाकीचे दिवस मैदानातून मला घरी पाठवून मग एकट्याने, जवळच्या योगी हिल्सच्या चढावर, हातात पाइप घेऊन. हा पाइप त्याने स्वतः बनवलेला. लोखंडी नळी, टोकाला वाळूने भरलेला डबा वेल्डिंग करून बसवलेला, वजन साधारण खऱ्या मशालीएवढं. जानेवारी लागला की पाइप बाहेर निघायचा. उजवा हात वर, डबा डोक्याच्या वर, आणि साहेब चढ चढताहेत. सुरुवातीला कुत्री भुंकायची, आता तीही सरावली आहेत.

गेल्या फेब्रुवारीत त्याची डावी कंबर दुखायला लागली. कंबर म्हणजे पाठ नव्हे, बाजूचं हाड असतं ना, मांडी जिथे जोडलेली असते, तिथे. त्याने कुणाला सांगितलं नाही. पण लिफ्टमध्ये बामचा असा वास भरून राहायचा की पोरं नाक दाबून जिन्याने जायची. बूट घालताना तो भिंतीला टेकायला लागला. खुर्चीतून उठताना आधी इकडेतिकडे बघायचा, कुणी बघत नाही ना, मग उठायचा.

"एक आठवडा बस ना घरी," मी म्हणालो.

"मशीन बंद ठेवली की गंजते रे."

"तू मशीन आहेस का?"

"अंग दुखतंय म्हणजे अंग तयार होतंय. तुला नाही कळणार, तुझं कधी दुखलंच नाही."

गोळी खाऊन धावायला लागला तेव्हा मात्र चंपावहिनी, म्हणजे त्याची बायको, माझ्याकडे आली. ती कमी बोलते. "भावजी, हे रात्री कूस बदलताना कण्हतात," एवढं म्हणाली आणि गेली.

मार्चच्या सुरुवातीला राजारामकडे अनिरुद्ध आला. हा आमच्या जयंती कमिटीचा अध्यक्ष, तिशीचा, गुणी पोरगा. त्याने राजारामला जिना उतरताना पाहिलं होतं. मीही तिथेच बसलो होतो. पोराने बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी सांगितलं, "काका, या वर्षी तुम्ही टेम्पोत बसा ना. पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला. मानाने."

राजाराम "बघू" म्हणाला. अनिरुद्ध गेल्यावर चहाला त्याने हात लावला नाही. मी निघालो तसा तो माझ्यामागे दारापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "नंदू, एकदा टेम्पोत बसलो ना, की पुढच्या वर्षी मला कुणी विचारणारपण नाही. बसलेला माणूस परत उतरत नाही."  घरी आलो आणि विनाकारण मुलावर खेकसलो.

निमेशलाही रविवारी त्याचं लंगडणं दिसलंच. तो म्हणाला, काका, मी सांगतो तिकडे चला. दिपाली नावाची फिजिओथेरपिस्ट होती, त्याच्या ओळखीची. राजाराम मला घेऊन गेला, कारण एकट्याला दवाखान्याची भीती वाटते हे तो मेला तरी कबूल करणार नाही. मुलगी हुशार होती. तिने त्याचे पाय वाकवले, ताणले, एका पायावर उभं केलं. मग ट्रेडमिलच्या पट्ट्यावर धावायला लावून मोबाइलवर शूटिंग केलं. तीन-तीनदा बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, तुमचं धावणं तर छान आहे. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय सारखे दुखले तर मी म्हणेन मेहनत झाली. एकच बाजू रोज दुखतेय म्हणजे काहीतरी चुकतंय. धावण्याशिवाय आणखी काही करता का? वजन उचलता?"

"काही नाही," राजाराम म्हणाला.

"जिम? बागकाम? नातवंडांना कडेवर घेता?"

"काही नाही."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "तो पाइप कोण उचलतं मग? माझा बाप?" मी म्हणालो. राजारामने माझ्याकडे असं बघितलं की पूर्वीचे दिवस असते तर मारामारी झाली असती. पण मी थांबलो नाही. पाइप, चढ, ज्योत, चैत्यभूमी, सगळं सांगून टाकलं.  ऐकून झाल्यावर ती मुलगी म्हणाली, "काका, उद्या तो पाइप घेऊन याल?"

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर पाइप वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला, चोरीचा माल नेल्यासारखा. पाइप हातात घेऊन पट्ट्यावर धावला आणि मग तिने त्याला शूटिंग दाखवलं. उजव्या हातातलं वजन सावरायला सगळं अंग डावीकडे झुकत होतं. प्रत्येक पावलाला तो सगळा भार डाव्या कमरेवर. "इतकी वर्षं चाललं कारण तेव्हा शरीर रात्रीत दुरुस्त व्हायचं," दिपाली म्हणाली. "आता त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि तुम्ही ते देत नाही. स्नायू धावताना वाढत नाहीत, काका, आराम करताना वाढतात." मग तिने सांगितलं की आधी धावणं पूर्ण बंद, फक्त चालायचं आणि कमरेचे व्यायाम करायचे. बरं वाटलं तर थोडं थोडं धावायचं, एक दिवसाआड. आणि ज्योत धरायची असेल तर हात बदलत राहायचं, उजवा, डावा, उजवा, डावा.

एवढं सगळं राजारामने मुकाट्याने ऐकलं होतं. हात बदलायचं ऐकल्यावर मात्र ताडकन उभा राहिला. "डाव्या हातात? ज्योत आहे ती, बाजाराची पिशवी नाही."

मुलगी कावरीबावरी झाली. "सॉरी काका, मला माहीत नव्हतं." आणि आम्ही निघालो.  मी तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटत होतं आणि मला अजिबात वाटत नव्हतं.

घरी चंपावहिनी भाकऱ्या थापत होती. मीच सगळं सांगितलं. ती थापता थापता ऐकत राहिली. मग परातीवरून मान वर न करता नवऱ्याला म्हणाली, "आपली मित्रा डाव्या हाताने जेवते."

मित्रा म्हणजे संघमित्रा, त्यांची नात.

"त्याचं काय?" राजाराम म्हणाला.

"तुमच्या बहिणीने पोरीच्या हातावर चापट मारली होती. डाव्या हाताने खाऊ नये म्हणून. तेव्हा भर पंगतीत काय बोललात?"

 मला आठवत होतं, मी त्या पंगतीत होतो. तो म्हणाला होता की कुठला हात चांगला आणि कुठला वाईट हे ठरवणाऱ्यांनीच माणसांचंही ठरवलं, माझ्या घरात हे चालणार नाही. बहीण जेवण टाकून उठून गेली होती.

"पोरीसाठी एक आणि स्वतःसाठी दुसरं?" वहिनीने भाकरी तव्यावर टाकली. "कुठल्या पुस्तकात लिहिलंय, ज्योत उजव्याच हातात धरायची?"

कुठल्याच नाही. कुणी सांगितलंही नव्हतं. पंचविशीतल्या पोराने पहिल्या दिवशी उजव्या हातात धरली आणि तोच नियम झाला. जन्मभर असल्या गोष्टींवरून जगाशी भांडलेला माणूस आणि हा एक नियम त्याच्या खांद्यावर येऊन बसला तो त्याला दिसलाच नाही. त्याने पाइप कोपऱ्यात उभा केला. मग म्हणाला, "जेवायला वाढ."

पुढचे दिवस आम्हा सगळ्यांनाच जड गेले. बंद करून ठेवलेला राजाराम म्हणजे घरात ठेवलेला बैल. सकाळी चालायला आम्ही तिघं जायचो, तो, वहिनी आणि मी. वहिनी भराभर चालते हे त्याला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. ती पुढे, आम्ही मागे. दुपारी तो चटईवर कुशीवर झोपून पाय वर-खाली करायचा आणि वहिनी भाजी निवडता निवडता "अजून, अजून" म्हणायची. रुसवे झाले, चिडचिड झाली. एकदा तो चोरून धावून आला आणि परत दोन दिवस लंगडला, तेव्हा वहिनीने बूट स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. पण मार्च संपता संपता कण्हणं थांबलं. एप्रिलात तो दिपालीकडे परत गेला, माफी मागितली आणि पाइप डाव्या हातात धरून तिच्यासमोर धावून दाखवला. ती म्हणाली, "जा. पण दुखलं तर थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचं, काका." टेम्पोचं काय करायचं ते अनिरुद्धने त्याच्यावर सोडलं.

चौदा तारखेला सकाळी मी विहाराच्या गेटवर उभा होतो. कमिटीने माझ्याकडे फुलांचं ताट दिलं होतं. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, निळे झेंडे, ढोलताशा, सगळी वस्ती लोटली होती. चंपावहिनी काही दिसेना. दरवर्षी ती याच गेटवर, याच खांबाशी उभी असते, ज्योत आली की पहिली फुलं तिची. तिच्या सुनेला, चेतनाला विचारलं. ती म्हणाली, "आई पाणी घेऊन नाक्यापर्यंत गेल्यात."  पाणी कशाला? टेम्पो भरून पाणी असतं. म्हणजे वहिनीला खात्री नव्हती.

स्पीकरचा आवाज जवळ आला. नाक्यावरून कुणीतरी धावत येत होतं. राजाराम. एकटा. घामाने निथळलेला, आणि हातात काहीच नाही.

 त्याने थांबायचं कबूल केलं होतं आणि थांबला होता, इतक्या जवळ येऊन. कुणा पोराच्या हातात मशाल देऊन आला होता. मला त्या डॉक्टरणीचा राग आला, माझाच राग आला, आधी गप्प बसलो असतो तर निदान हा शेवटपर्यंत आला असता. तो गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला आणि खांबाला टेकला.

"दुखलं ना?" मी म्हणालो. "सांग ना, दुखलं?"

"नाही रे." तो धापा टाकत होता. "अख्खा रस्ता मस्त झाला. दोन्ही हातांनी. काही दुखलं नाही."

"मग ज्योत कुठेय?"

"चंपाकडे दिली. नाक्यावर." त्याने कपाळ पुसलं. "ती म्हणाली, मला धावता येत नाही. म्हटलं, चाल मग. तुझ्याइतकं भराभर कोण चालतं."

"आणि तू इकडे काय करतोस?"

"इतकी वर्षं मीच घेऊन येतोय, नंदू. ती इथे उभी राहून बघते ते कसं दिसतं, मी कधी बघितलंच नाही."

तेवढ्यात वळणावर ती दिसली. पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांनी मशाल धरलेली, आणि मागे सगळी पोरं तिच्या चालीने चालत येत होती. राजारामने माझ्या हातातलं फुलांचं ताट घेतलं आणि तो गेटच्या मधोमध जाऊन उभा राहिला.