दगड फिरवा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुळे सोलापुरातल्या पोस्टात रांगेत उभी होते, आणि हातात तिचंच पाकीट होतं. चार दिवस राहून येते म्हणून ती गावी गेली होती. जेऊर स्टेशनवर उतरून आत जायचं, तिथं आमचं गाव. जाताना बजावून गेली होती, "माजा सोमवार चुकवू नगंस गं." फोनवर तिचा दीर होता. "वयनी गेली... चहा घेतला, भितीला टेकून बसली, ती बसलीच." मी रांग सोडली नाही. लोक म्हणतील, काय बाई आहे. पण आत्याने वर पोहोचल्या पोहोचल्या पहिलं हेच विचारलं असतं, पाकीट टाकलंस का? खिडकीपाशी गेले, तिला हवा तसा शिक्का मारून घेतला आणि मग बाहेर येऊन गाडीवर बसून रडले.

ते पाकीट कुणाला जायचं, हे सांगायचं तर आमच्या गावच्या साहेबांबद्दल, म्हणजे तिथल्या पुढाऱ्याबद्दल, सांगावं लागेल. त्यांचं नाव लिहीत नाही. आपलं नाव चार ठिकाणी दिसावं म्हणून या माणसाने जन्मभर जे केलं ते मी पाहिलेलं आहे, माझ्या लेखात तरी त्याला ती चैन मिळू नये.

गोदाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गावाने वेशीजवळ एक काळा, ओबडधोबड दगड उभा केला आणि पाथरवटाने त्यावर तीन नावं कोरली. पहिलंच नाव, शिपाई महादेव ज्ञानू. आत्याने नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका घेत नाहीत. उखाण्यात घेतात तेवढंच, आणि तिच्या वाट्याला उखाणे असे कितीसे आले असतील... पेन्शनच्या कामाला गेल्यावर कारकुनाने विचारलं की ती मला कोपराने ढोसायची, "सांग की गं." मी शाळेत असताना हौसेने तिला अक्षरं शिकवायला पाटी घेऊन बसले, तर म्हणाली, "तुजं अ आ न्हाय पायजे मला. चल माज्यासंगं." वेशीवर नेऊन तिने मला दगडासमोर बसवलं. मी अक्षर ओळखून दाखवायचं आणि तिने कोरलेल्या खाचेतून बोट फिरवायचं. अशी ती लिहायला शिकली. जे नाव तिला बोलता येत नव्हतं ते तो दगड येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं.

मग साहेबांनी स्मारकाचं सुशोभीकरण काढलं. चौथरा झाला, गुळगुळीत ग्रॅनाइट आलं, उंच स्तंभ आला. समोर फलक बसला आणि त्यावर सोनेरी अक्षरांत साहेबांचं नाव. जुना दगड? तो मागच्या अंगाला बसवला, तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे करून. भिंत आणि दगड यांच्यामध्ये जागा इतकी कमी की अंग तिरपं करूनच आत शिरावं लागे. आत्या तशी शिरायची. भिंतीच्या खरखरीत गिलाव्याला घासून तिची लुगडी खांद्यावर विरली होती.

एकदा ग्रामसभेत ती उभी राहिली. एवढंच म्हणाली, "दगड फिरवा. नावं म्होरं येऊ द्या." साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "कुनाचं नाव म्होरं पायजे मावशी? सांगा की, समद्यांना ऐकू द्या." आत्याने पदर तोंडाशी धरला. "नाव तर घ्या! तुमालाच घ्यायची लाज, आन् आमी म्होरं लावायचं व्हय?" सगळी सभा हसली. आत्या तशीच उभी राहिली, ओठ दोनदा हलले, आणि ती खाली बसली. मी तिच्या शेजारी होते. हसणाऱ्यांत आमच्या भावकीतलेही लोक होते. ते हसू मी विसरलेले नाही. माफ करायला मोठं मन लागतं म्हणतात. माझं नाही, आणि या बाबतीत ते मोठं करून घ्यायची मला इच्छाही नाही.

पुढे साहेबांनी वरपर्यंत वजन वापरलं आणि त्या स्मारकाचं टपाल तिकीट निघालं. समारंभ झाला, वीरपत्नी म्हणून आत्याला शाल मिळाली, आणि एक तिकीट फ्रेम करून मिळालं. तेव्हा ती डोळ्यांच्या औषधपाण्यासाठी माझ्याकडे राहायला आली होती. घरी येऊन तिने भिंग मागितलं. तिकिटावर अर्थात स्मारकाची समोरची बाजू होती, आणि भिंगातून साहेबांचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. बराच वेळ ती बघत बसली. मग फ्रेम उघडून तिने तिकीट काढलं, उलटं केलं, मागचा पांढरा भाग निरखला आणि म्हणाली, "ह्याला बी मागली बाजू हाय की." माझ्या मुलीची पेन्सिल घेऊन तिने त्या एवढ्याशा जागेत नवऱ्याचं नाव लिहिलं. दगडावरचंच वळण होतं ते.

त्यानंतर ती माझ्याकडेच राहिली आणि सुरू झाले तिचे सोमवार. ती तिकिटांचे ताव आणायला लावायची आणि दुपारी गॅलरीत बसून प्रत्येक तिकिटामागे नाव लिहून ठेवायची. दर सोमवारी साहेबांना एक पत्र. मजकूर दोनच शब्दांचा, 'दगड फिरवा.' आणि पाकीट पेटीत टाकायचं नाही, खिडकीवर द्यायचं, कारण शिक्का कुठं पडतो यावर तिची नजर असायची. तिकिटावरच्या त्या फलकाच्या जागी बोट ठेवून सांगायची, "हितं मार. जोरात."

"आजी, कुटं बी पडला तरी चालतंय की," खिडकीतला पोरगा म्हणायचा.

"तुला चालतंय. मला न्हाय चालत."

तो हसून शिक्का उचलायचा आणि धाडकन साहेबांच्या नावावर मारायचा. काळंभोर. मग ती रिक्षाने घरी येईपर्यंत खुशीत असायची, वाटेत मला एखादवेळी भजी घे म्हणायची. उत्तर एकदाही आलं नाही. दगड फिरला नाही. ती गेली त्या दिवशीही तो भिंतीकडेच तोंड करून उभा होता.

दहाव्याला साहेब आले. माईक होता, तो त्यांच्याबरोबरच येतो. म्हणाले, "मावशींची माज्यावर लई माया. दर आठवड्याला मला पत्र यायचं त्यांचं." इतकी पत्रं, आणि या माणसाने एकही फोडलं नव्हतं! पुढे म्हणाले, आता मावशींचंही नाव आपण स्मारकावर कोरू. कुणीतरी विचारलं, कुठं? "मागं हाय की जागा," साहेब म्हणाले, आणि गाडीत बसून गेले.

मी सोलापूरला परत आले आणि आत्याचा स्टीलचा डबा उघडला. पेन्सिलचं थोटूक, भिंग आणि नाव लिहून ठेवलेली तिकिटं. एक उचललं. पाकिटावर साहेबांचा पत्ता घातला, आत तेच दोन शब्द लिहिले. आणि तिकिटाच्या चित्राच्या बाजूला डिंक थापून मी ते उलटं चिकटवलं. साहेब खाली, पाकिटाला तोंड चिकटवून. वर आत्याच्या अक्षरात, 'शिपाई महादेव ज्ञानू'. असलं तिकीट पोस्ट मोजत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून खिडकीवर न जाता पेटीत टाकलं. असं पाकीट बैरंग जातं, घेणाऱ्याला दंड भरून सोडवावं लागतं. साहेबांच्या घरून ते परतही करवत नाही, वर शहिदाचं नाव असलेलं पाकीट नाकारलं तर गावात शोभा होते. तेव्हापासून माझा एकही सोमवार चुकलेला नाही.

परवा त्यांच्या माणसाचा फोन आला. "ताई, तुमी तिकीट उलटं लावताय. दर खेपंला आमाला पैशे भरून घ्यावं लागतंय. साहेब लई तापल्यात, हितंच बसल्यात."

"तिकिटावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"कायतरी नाव हाय बगा पेन्सिलीनं..."

"वाचा की. समद्यांना ऐकू द्या."

त्याने खणखणीत आवाजात वाचलं, "शिपाई महादेव ज्ञानू." पलीकडे कुणी हसलं नाही.

"साहेबांना सांगा, आधी दगड फिरवा. मग मी तिकीट सरळ लावते," म्हटलं आणि फोन ठेवला. आत्याच्या डब्यात अजून पुष्कळ तिकिटं आहेत.