जोडीतला व्हॉल्व्ह

सांगलीतल्या एका कॉलेजने भंगारात काढलेला काचेच्या व्हॉल्व्हचा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर रेषेने दाखवणारे यंत्र, मी घेतला, तेव्हा त्याच्यासोबत सर्किटचा कागद नव्हता. एकेक वायर शोधत, एकेक रेझिस्टर मोजत मी तो कागद स्वतः काढला. अकरा महिने लागले. प्रत्येक सांध्यावर किती व्होल्ट येतात ते पेन्सिलीने लिहिले. अडले की साताऱ्याच्या मित्राला पोस्टकार्ड टाकायचो. त्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. चार दिवसांत उत्तर यायचे. दोघांच्याही घरी फोन नव्हता.

पडद्यावरची रेषा वर-खाली करणाऱ्या भागात दोन व्हॉल्व्ह एकाच रेझिस्टरवर बसतात. दोघांनी सारखाच करंट ओढला, तरच रेषा मध्यावर उभी राहते. एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून चौदा व्हॉल्व्हमधून अशी जोडी निवडली. दोन्हीकडे १६८ व्होल्ट. इतरांत मिसळू नयेत म्हणून बायकोच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका मी काचेवर लावला.

पुढे ट्रान्सफॉर्मर जळाला. ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळण्यात मित्राचा हात चांगला, म्हणून स्कोप गोधडीत बांधून एसटीने त्याच्याकडे पोचवला. तीन आठवड्यांनी परत आणला. ट्रान्सफॉर्मर उत्तम झाला होता, पण रेषा मध्यावर येईना. एकीकडे १९०, दुसरीकडे १४७.

खरे तर आधी व्हॉल्व्ह तपासायचे असतात. मी ती पायरी गाळली, कारण दोन्ही ठिपके जागेवर होते. मी रेझिस्टर बदलले. फरक नाही. मग वाटले, मुळात मोजण्यातच चूक झाली असेल. खोडरबर घेतला आणि कागदावरचे दोन्ही १६८ पुसून टाकले.

व्हॉल्व्ह उपसून टेबलावर ठेवले होते. चहा घेऊन आलेल्या बायकोने एक उचलला.

"हा माझा रंग नाही."

"लालच आहे की."

"तुम्हाला सगळं लालच दिसतं. माझी मरून आहे. हा भडक रंग मी आयुष्यात लावला नाही."

पुढच्या रविवारी साताऱ्याला गेलो. तो व्हॉल्व्ह काउंटरवर ठेवला. मित्राने क्षणभर बघितले आणि तो हसला.

"घावला व्हय तुला? आरं, एका गिऱ्हाइकाचा ॲम्प्लिफायर अडला हुता. लग्नात वाजवायचा हुता."

"मागायचास की."

"तू दिला असतास?"

"दिला असता."

"लय हिशेबी हायस गड्या. धा प्रश्न इचारून दिला असतास."

"विचारले असते. ठिपका का लावलास?"

तो सोल्डरिंग आयर्न तापला आहे का, ते बघू लागला. व्हॉल्व्ह नेला त्याचे मला तितकेसे काही नव्हते. पण ठिपका लावायला त्याने कुणाकडून तरी नेलपॉलिश मागून आणली असणार, ब्रश धरला असणार, वाळेपर्यंत थांबला असणार. तेवढ्या वेळात एक पोस्टकार्ड लिहून झाले असते.

पंधरा दिवसांनी सांगलीला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर त्याने माझा मूळ व्हॉल्व्ह पाठवला. बसवला. दोन्हीकडे १६८. रेषा मध्यावर आली. पुसलेल्या जागी मी आकडे पुन्हा लिहिले, या वेळी शाईने.

दुरुस्ती संपली की त्याला आकडे कळवायचे, ही आमची पद्धत होती. ड्रॉवरमध्ये कोरी पोस्टकार्डे होती. मी ड्रॉवर उघडला, त्यात पेन ठेवले आणि बंद केला.