मामांच्या कानावर: नांदेड ते लातूर

माझी गाडी लिटरला तेरा किलोमीटर देते, हे फोनवर ऐकून मामांनी आकडा पुन्हा विचारून घेतला. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. त्यांचे डोळे दाखवायला लातूरला जायचंच होतं. तुझ्याच गाडीनं जाऊ, म्हणाले.

सकाळी सातला नांदेड सोडलं. त्याआधी मामांनी डिकीतल्या घरकामातून उरलेल्या फरश्या काढायला लावल्या, टपावरचं रिकामं कॅरिअर उतरवलं, टायर हातानं दाबून पाहिले आणि पंपावर हवा भरून घेतली.

रस्ता चारपदरी आहे, थांबत गेलं तरी तीन तास पुरतात. चांगल्या रस्त्यावर पाय जड होतो. मामांनी काटा सत्तरवर धरायला सांगितला. त्यांना समोरचं धुरकट दिसतं, त्यामुळे ते गाडी ऐकतात.

"गाडी वरडून राहिली. वरचा गेअर टाक."

गतिरोधक दिसला की ब्रेक नाही, आधीच पाय काढायचा. अहमदपूरला भजी खाल्ली. चहा येईपर्यंत मी इंजिन चालू ठेवलं होतं, त्यावर काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नाही, उरलेली थेंब घालून राखायची. मामांनी एकच विचारलं, "गाडी चालवता येईल का?"

डॉक्टर नाही म्हणाले. मामांना तशी आशा होती, हे मला तेव्हा कळलं.

परतताना मामा गप्प. मी सगळे गिअर वेळेवर टाकत होतो, ते कुणी ऐकत नव्हतं. चाकूरच्या पुढे मात्र मी तिसऱ्यातच ठेवून गाडी दामटली. इंजिन किंचाळायला लागलं. एक किलोमीटर गेला. दुसरा गेला.

"गेअर," मामा म्हणाले.

मग लोह्यापर्यंत ते बोलतच होते. एअर फिल्टर कधी झाडायचा, क्लचवर पाय का ठेवायचा नाही, सगळं.

नांदेडला टाकी भरून हिशोब केला. सतरा. तेव्हापासून गाडी सतराच्या खाली आलेली नाही. कुठेही निघालो की आधी इंजिनचा आवाज ऐकतो, गाणी बंद ठेवून.

त्या संध्याकाळी मामांना हात धरून दारात उतरवलं.

"चाकूरला मुद्दाम केलंस ना?"

"हाव."

"लई पेट्रोल गेलं."

"गेलं."

"जाऊ दे," म्हणाले, आणि माझा हात धरूनच आत आले.