कापून घेतलेल्या सह्या

"खरी सही हाय बरं का, छापील न्हाई," असं म्हणत आमचे एक सर शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या कव्हरातलं कार्ड काढायचे आणि दोन बोटांनी कडेला धरून आपल्या नाकासमोर नाचवायचे. विंचू नांगीला धरतात तसं. हात लावू द्यायचे नाहीत.

वडवणीच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी खेळ. मैदानावर ते यायचे ते हिवाळ्यात ऊन खायला. चेंडू पायाशी आला की शेण चुकवावं तसे बाजूला व्हायचे. पण खेळाडूंवर त्यांचा लई जीव. म्हणजे, खेळाडूंच्या सह्यांवर.

ही कार्डं ते स्वतः बनवायचे. पत्त्याएवढा जाड पुठ्ठा, वर पेपरातून कापलेला खेळाडूचा फोटो, भोवती सोनेरी पेनाची किनार, आणि खाली एक बारीक खिडकी. त्या खिडकीत मागून सही बसवायची. सही कुठून आणायची याला धरबंध नव्हता. स्वतःच्या भाच्याची सह्यांची वही त्यांनी अशीच पोखरली होती. पोराला परत मिळाली ती जाळी पडलेली वही. एकदा बीडला कुण्या क्रिकेटवाल्याच्या हातून सोन्याच्या दुकानाचं उद्घाटन होतं. तिथं दुसरा कागद मिळेना म्हणून त्यांनी नाष्ट्याच्या कागदी प्लेटवर सही घेतली. त्या कार्डावर जिलबीचा तेलकट डाग आहे. मी दाखवला तर म्हणाले, "डाग बी खराच हाय, सर."

असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. देव नको, अंगारा हवा.

आमच्या कबड्डीच्या संघात शीतल नावाची मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला गेले की मामाकडं राहायची. बीडच्या शिबिरात देशाकडून खेळलेल्या एका बाईंनी तिची चढाई पाहिली, तिला जवळ बोलावलं आणि तिच्या जर्सीच्या पाठीवर सही केली. शीतल त्यानंतर जर्सी धुताना पाठीला पाणी लागू द्यायची नाही. पुढची बाजू तेवढी चोळायची.

हे आमच्या चित्रकारांना कळलं. "आण इकडं, सही पक्की करून देतो," म्हणाले. शिक्षकाचाच शब्द तो. तिनं जर्सी दिली.

चार दिवसांनी ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. हातात जर्सी, आणि जर्सीच्या पाठीवर काडेपेटीएवढं चौकोनी भोक. कडा मात्र सुरेख सरळ, चित्रकलेचा माणूस ना!

"सर, कापली?"

यांनी खुशीत कार्ड काढलं. "बघ की, कशी दिसती! अगं, धुण्यात गेली असती सही. मी वाचवली."

"गेली असती तर जाऊ द्यायची, सर. माझ्या घामानं गेली असती."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पोरगी अभ्यासक्रमाबाहेरचं बोलल्यासारखं.

"द्या ते कार्ड तिला," मी ओरडलो.

त्यांनी दिलं. ती म्हणाली, "ह्याचं मी काय करू?" कार्ड टेबलावर ठेवलं आणि गेली. आणि या गृहस्थानं ते उचललं, रुमालानं पुसलं, कव्हरात घातलं!

तालुक्याच्या सामन्याला ती तीच जर्सी घालून आली. मामीनं ब्लाउजपीसचं हिरवं ठिगळ लावलं होतं. समोरच्या पोरी हसल्या. पुढच्याच चढाईत तिनं त्यांतल्या तिघींना बाद केलं, मग कुणी हसलं नाही. हे बघायला सर नव्हते. पुढं बरेच दिवस त्यांनी मला कार्ड दाखवलं नाही. मला वाटलं, शरमले. पण त्यांना नवी सही मिळाली नव्हती, एवढंच.

शीतल पुढं पोलिसात लागली, त्यांच्या संघातून खेळू लागली, पेपरात फोटो यायला लागले. बीडला तिचा सामना होता तेव्हा मी गेलो. आमचे चित्रकारही न बोलावता सोबत आले. वाटेत हळूच कार्ड काढलं. शीतलचा फोटो, सोनेरी किनार, खालची खिडकी रिकामी.

"लाज वाटत न्हाई का हो?" मी विचारलं.

"वाटती की," ते म्हणाले. "म्हणून तर रांगेत उभा राहणार हाय."

सामना झाल्यावर ते खरंच शाळकरी पोरींच्या रांगेत उभे राहिले. नंबर आला तसा कोरा कागद पुढं केला. शीतलनं ओळखलं. वाकून पाया पडली, मग म्हणाली, "कागद न्हाई, सर. हात द्या."

त्यांनी हात पुढं केला. तिनं तळहातावर पेनानं सही केली, झोकात, खाली रेघ ओढून.

"आता घ्या कापून."

मी मोठ्यांदा हसलो. ते हसले नाहीत. तळहाताकडं बघत बाजूला झाले.

पुढं ते निवृत्त होऊन लेकाकडं गेले. मला आठवतात ते त्या दिवशीच्या परतीच्या एसटीतले. उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला, धक्का बसला तरी दांडी न धरणारे. कंडक्टर आला तेव्हा माझ्याकडं वाकून म्हणाले, "सर, माझं तिकीट तुमी काढा."

वडवणी येईपर्यंत त्यांनी मूठ मिटली नाही.