चौथा इंजेक्टर आणि माझी जीभ

माझ्याकडे लॅपटॉप आहे म्हणून लोक मला हुशार समजतात. हा गैरसमज आहे, पण धंद्याला बरा पडतो, म्हणून मी तो कधी दूर केला नाही. रेवदंड्याहून अलिबागला जाणाऱ्या रस्त्यावर माझं छोटं गॅरेज आहे. मोठ्या डिझेल गाड्यांचं वायरिंग आणि इंजेक्टरचे विजेचे बिघाड एवढंच मी बघतो. क्लच-ब्रेक घेऊन कुणी आलं तर त्याला शेजारी पाठवतो आणि वर जरा नाक मुरडतो. गाव माझं बोर्ली पंचतन, पण विद्या कळंबोलीची. तिथे ट्रकच्या वर्कशॉपात सहा वर्षं काढली, त्यामुळे इथल्या लोकांना मी जवळजवळ परदेशात शिकून आल्यासारखा वाटतो.

लोकांची समजूत अशी, की लॅपटॉप जोडला की गाडी आपल्या तोंडाने दुखणं सांगते. लॅपटॉप फार तर एवढं म्हणतो, की चौथ्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किट म्हणजे इंजेक्टरच्या आतली कॉइल आली, कनेक्टर आला, तिथून कंट्रोलरपर्यंत जाणाऱ्या दोन वायरी आल्या आणि खुद्द कंट्रोलरही आला. यातलं नेमकं कोण मेलंय ते मीटर घेऊन, वाकून, हात काळे करून शोधावं लागतं. आमच्याकडे तर खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, त्यामुळे दुप्पट वाकावं लागतं. हे सगळं मला त्या दुपारीही माहीत होतं, हे आधीच कबूल करतो.

त्या दुपारी मासळीचा ट्रक आला. मालकीण कोळीवाड्यातली. नवरा गेल्यावर तिने होडी विकून ट्रक घेतला आणि बर्फातली मासळी मुंबईला पाठवायला लागली. तिने हळू आवाजात काही सांगितलं की गॅरेजचे पत्रे हलायचे. ड्रायव्हर तिच्याच वाड्यातला, पन्नाशी ओलांडलेला, पूर्वी होडीवर असलेला. अकरा वर्षं त्याने हाच ट्रक चालवला होता. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हटलं. भेट मात्र पहिलीच.

"मिसिंग मारते, मदीच उचक्या देते," मामा म्हणाले. "पन सरल रस्त्याला न्हाय. खड्ड्यात गेली का मारते. वायर बघ जरा."

बस, इथेच बिनसलं. वायर बघ म्हणे! मला! शेजारी दोन डंपरवाले आणि चहावाला उभे होते, आणि त्यांच्यासमोर एक ड्रायव्हर मला माझं काम शिकवत होता. मी लॅपटॉप जोडला. चौथ्या इंजेक्टरचं सर्किट, असा कोड आला. मीटर हातभर अंतरावर होता, त्याला मी हातही लावला नाही.

"इंजेक्टर गेलाय," मी मोठ्याने म्हणालो. "डिझेलमध्ये रॉकेल पडलं की हेच होतं. चांगलं डिझेल वाटेत विकायचं आणि वरून रॉकेल ढकलायचं. रोज बघतो आम्ही."

हे बोलताना मी मामांकडे बघत होतो. भेसळीच्या डिझेलने इंजेक्टरचं तोंड झिजतं, सुई अडकते. वायरीचा कोड त्याने येत नाही. वर्कशॉपात पहिल्या महिन्यात शिकवतात हे. पण माझी जीभ एकदा सुटली की डोक्याची वाट बघत नाही.

मालकिणीने मामांकडे बघितलं. मामा एवढंच म्हणाले, "न्हाय बाय." "नवा बसव," ती मला म्हणाली, आणि पत्रे पहिल्यांदाच शांत राहिले.

मी नवा इंजेक्टर बसवला. एंजिन शिवणाच्या मशीनसारखं चालायला लागलं. माझी छाती फुगली. दोन दिवसांनी चहावाल्याकडून कळलं, की मामांना ट्रकवरून काढलं आणि वाड्यात सगळे त्यांना डिझेलचोर म्हणतात. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, नाही वाटलं. मी दुसरा चहा मागवला.

दोन आठवड्यांनी तोच ट्रक परत आला. ड्रायव्हर नवा, कोड जुना. चौथाच. डिझेल तर मालकीण आता स्वतः समोर उभी राहून भरत होती.

या वेळी मी मीटर घेतला. इंजेक्टरची कॉइल मोजली, शेजारच्या पाचांशी ताडून बघितली, सगळ्या सारख्या. मग एंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा वीतवीत हलवत मागे गेलो. गिअरबॉक्सच्या वर, जिथे जुडगा एका पट्टीत अडकवलेला असतो, तिथे हलवला आणि एंजिनाने उचकी दिली. परत हलवला, परत उचकी. जुडग्यावरची प्लास्टिकची नळी खालून कुरतडलेली, ती चिरली तर आतल्या दोन वायरींचं रबरही कुरतडलेलं. तांबं उघडं, आणि गाडी खड्ड्यात गेली की ते पट्टीला टेकत होतं. इंजेक्टर बदलताना माझ्याच हाताने जुडगा थोडा सरकला होता, म्हणून मधले दिवस गाडी बरी चालली आणि मी हुशार ठरलो. खड्डा आणि वायर. माणूस अक्षरशः बरोबर सांगत होता.

उंदीर मासळीच्या गाडीत येणारच. पण मागची बर्फातली सगळी ताजी मासळी सोडून त्यांनी रबर का खावं? मी बोट फिरवलं. बोट चिकट झालं. वास घेतला आणि कपाळावर हात मारला. सगळ्या जुडग्याला माशाचं तेल चोपडलं होतं. अख्खा ट्रकच मासळीचा वास मारतो, त्यात हा कुणाला वेगळा येणार?

"जुने मामा लावायचे," नवा ड्रायव्हर म्हणाला. "खारं पानी लागून गंजू नये म्हून. होडीला लावतात तसं. दर महिन्याला, आंघोल घालावी तसं."

होडीच्या लाकडाला ते तेल लावतात हे मला माहीत होतं. ट्रकच्या वायरिंगला लावणारा माणूस मी पहिल्यांदा ऐकला. म्हणजे ज्याला मी गाडी नासवणारा चोर म्हटलं, त्याने गाडी नासवली होती खरी, पण लाड करून.

वायरींना डाग दिला, स्लीव्ह चढवली, जुडगा पुसून घेतला आणि मालकिणीकडे गेलो. ती मासळी वाळत घातलेल्या मांडवाशी होती. सांगितलं, की चूक माझी, डिझेलमध्ये काही नव्हतं, उंदरांनी वायर खाल्ली. तेलाचं बोललो नाही. म्हटलं, एवढा अपमान सोसलेला माणूस, त्याच्या माथी आणखी हे कशाला? मला वाटलं मी फार मोठ्या मनाचा झालोय.

"मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "चारचौघांत बोललास न्हवं? आता त्यांना जाऊन चारचौघांत सांग."

मामा आगरदांड्याच्या जेट्टीवर कामाला लागले होते. दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत गाड्या चढवायचं काम, गळ्यात शिट्टी. मी मोटरसायकल घेऊन गेलो तेव्हा रांगेत दहाबारा गाड्या होत्या. एवढे लोक बघून मला परत फिरावंसं वाटलं. पण फिरलो नाही आणि मोठ्यानेच म्हणालो, "मामा, तुम्ही चोरी केली नाही. मी खोटं बोललो. वायर उंदरांनी खाल्ली होती."

एका जीपवाल्याने काच खाली केली. मामा शांतपणे म्हणाले, "कुटं खाल्ली?"

"मागे. पट्टीपाशी."

त्यांनी हात वर करून पुढच्या गाडीला थांबवलं. "तितं मी तेल जास्त लावायचो. बर्फाचं पानी तितंच टपकायचं." मग माझ्याकडे वळले. "तुला वास आला असल."

मी मान डोलावली.

"बायला सांगितलंस?"

"तेलाचं नाही सांगितलं. म्हटलं, तुम्हाला उगाच…"

"अरे गाढवा," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "अर्धं सांगशील तर लोक म्हंतील हा म्हाताऱ्याला झाकतो. सगलं सांग. चोर म्हनवून घेन्यापरीस येडा म्हनवून घेन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथेच मालकिणीला फोन लावला, आवाज मोठा केला आणि सगळं सांगितलं. तेलासकट. मग ती जी सुटली! एंजिनाला कुणी तेल लावतं का, त्याला काय सांधेदुखी झाली होती का, उद्या त्याच्या डोक्याला बाम चोळाल. रांगेतले लोक हसायला लागले. मामा दोन्ही हातांत माझा फोन धरून "व्हय, व्हय" करत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. ते हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

मग तिचा आवाज खाली आला. "दादा, उद्यापासून या. गाडी तुमचीच हाय."

"न्हाय बाय," मामा म्हणाले. "अकरा वर्सं गाडी चालवली, आन् तू एका दुपारीत मला चोर मानलंस."

तिने काहीतरी उत्तर दिलं, पण बोटीचा भोंगा वाजला आणि मला ते ऐकू आलं नाही. मामांनी फोन शर्टाला पुसून माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "मामा, चूक माझी होती. राग माझ्यावर काढा, तिच्यावर कशाला?"

"तुजा राग न्हाय रे," ते म्हणाले. "तू मला वलखत न्हवतास."

मग त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि माझ्या मागच्या जीपला पुढे येण्याची खूण केली. मी वाटेत उभा होतो, म्हणून मोटरसायकल ढकलत बाजूला झालो.