शिट्टीची वाट बघणारे वस्ताद

माझ्या भावोजींना सगळे वस्ताद म्हणतात. चारचौघांत ताईसुद्धा वस्तादच म्हणते. त्यांना नावानं हाक मारणारं त्यांच्या आईच्या मागे कुणी उरलं नाही. सकाळी ते धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर उभे असायचे आणि संध्याकाळी व्यायामशाळेच्या मागच्या हॉलमध्ये मुलांना कुस्ती शिकवायचे. पोट गोदामावर चालायचं, जीव मात्र त्या संध्याकाळच्या तासात अडकलेला. तो तास त्यांच्या हातून कसा गेला ते मी सांगणार आहे, आणि सांगताना माझं डोकं फिरलं तर वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

मी शिंपी, ताईचा धाकटा भाऊ. कुस्तीवाल्यांकडून मला आजवर फुटकी कवडी मिळालेली नाही. त्यांचा तो अंगाला चिकटणारा पोशाख दुकानात तयार मिळतो आणि मोठ्या भावाचा धाकट्याला चालतो. ज्युदोचं तसं नाही. जाड सुती कापड, कॉलरीत आतून पट्टी, काखेत दुहेरी शिलाई. कारण तो खेळच मुळी दुसऱ्याचे कपडे धरून ओढण्याचा. हॉलमध्ये ज्युदो सुरू झाल्यापासून माझी मशीन बंद पडलेली नाही. म्हणजे नातं कुस्तीशी आणि भाकरी ज्युदोची, अशी माझी तऱ्हा.

हॉल कसला, पत्र्याची लांबट खोली. एका कोपऱ्यात गळका नळ, घामाचा आणि फिनेलचा वास, पोरांनी उड्या मारून हात लावल्यानं भिंतीवर उमटलेला काळा पट्टा. पहिला तास वस्तादांचा. तो संपला की ते मॅटवरचं जाड कापड गुंडाळून भिंतीला लावायचे आणि ज्युदोच्या मॅडम आपले हिरवे-लाल चौकोन एकात एक अडकवून मांडायच्या. दोघांचं बोलणं एवढंच: "झालं का तुमचं?" आणि "झालं, या."

मॅडमकडे सुरुवातीला चार पोरं होती. मग पोरांना सोडायला आलेल्या आया दारात उभ्या राहून कंटाळल्या आणि आत आल्या. त्यांच्यामागून दाताचे डॉक्टर आले, शाळेतल्या दोन बाई आल्या, विमा कंपनीतला एक कारकून आला. पंचेचाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, चष्म्याशिवाय समोरचं माणूस न ओळखणारा. वस्ताद कापड गुंडाळता गुंडाळता त्यांच्याकडे बघायचे आणि घरी येऊन ताईला सांगायचे, "आठवडा झाला, नुसतं पडायला शिकतायत. पडायला शिकवणी लावलीय लोकांनी."

मी दोन्ही खेळ जवळून पाहिले, तेव्हा माझं मत सांगतो. कोवळ्या पोराला कुस्तीसारखी गोष्ट नाही. ना कपडा, ना पट्टा, धरायला फक्त समोरचं अंग. पोराला आपलं वजन कळतं, दम कळतो, हरल्यावर दुसऱ्या दिवशी परत यायचं असतं हेही कळतं. वस्तादांच्या हाताखालून गेलेलं पोर पुढे वाण्याच्या दुकानात बसलं तरी ताठ बसतं. पण विशी-पंचविशी ओलांडली की कुस्ती माणसाला दार दाखवते. गुडघा गेला, मान गेली, कान चुरगळले की जा घरी. चाळिशीतला माणूस कुस्ती शिकायला आला, असं मी ऐकलेलंसुद्धा नाही. ज्युदो मात्र त्या कारकुनालाही आत घेतो. आधी पडायला शिकवतो, मग धरायला, आणि नाही झेपलं तर दोनदा थाप मारून 'सोड' म्हणायला. दाताचे डॉक्टर न्हाणीघरात घसरले तेव्हा पोरासारखे लोळून उठले, हे त्यांनी मला शिलाईचं माप देताना तीनदा सांगितलं.

मग क्रीडा कार्यालयातून साहेब आले. हॉल फिरून बघितला आणि म्हणाले, कुस्तीच्या तासाला मोठी माणसं नाहीत. तास टिकवायचा तर शिकवणाऱ्याला मोठ्यांनाही शिकवता आलं पाहिजे, म्हणजे ज्युदोचा रंगीत पट्टा हवा. वर्षभरात पट्टा मिळवा, नाहीतर हा तास नवशिक्या मोठ्यांच्या ज्युदोला जाईल. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, असला हा प्रकार. कुस्तीसाठी नवी मॅट मागितली की यांच्याकडे 'बघू', आणि कुस्ती शिकवायची तर आधी ज्युदो शिका.

मी वस्तादांना म्हटलं, "भावोजी, साहेबांना जाऊन भेटा. तुमच्या हाताखालची किती पोरं कुठवर गेली ते सांगा."

"सांगायचं काय त्यात? पंचाला दिसतं."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ते कुठून आलं हे मला ताईनं सांगितलं होतं. वस्ताद विशीत असताना एका मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या कुस्तीत समोरच्यानं त्यांचा हात पाठीमागे वाकडा पिरगाळला. मोडायची वेळ आली होती. वस्ताद हू की चू करेनात. तेवढ्यात पंचानं शिट्टी मारली, दोघांना सोडवलं, समोरच्याला ताकीद दिली आणि पुढे वस्ताद जिंकले. कुस्तीत असंच असतं. हात धोक्याच्या पुढे गेला की पंच थांबवतो. 'सोड' म्हणायची सोयच नाही, गरजही नाही. तेव्हापासून या माणसाची खात्री पटली की आपण आपलं झुंजत राहावं, वरून बघणारा वेळेवर शिट्टी मारतोच.

गोदामात त्यांच्यामागून आलेला पोरगा मुकादम झाला, हे बोलले नाहीत. हॉलचं छप्पर गळलं, स्वतः चढून डांबर लावलं, बोलले नाहीत. त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलेल्या एका पोरानं मोठी पदकं मिळवली आणि मुलाखतीत गुरू म्हणून भलत्याच माणसाचं नाव घेतलं. ताई दोन दिवस जेवली नाही. वस्ताद म्हणाले, "ज्याला कळायचं त्याला कळतं." कुणाला कळलं, ते मी अजून शोधतोय.

तर वस्ताद ज्युदोच्या वर्गाला जायला तयार झाले. माझ्या दुकानात माप द्यायला आले तेव्हा कॉलरीचं कापड चिमटीत धरून म्हणाले, "एवढं जाड कशाला?"

"समोरच्याला नीट धरता यावं म्हणून."

"म्हणजे कपडे मी घालायचे आणि सोय दुसऱ्याची?"

मी हसलो, तेही हसले. त्या अंगरख्याची शिलाई मी घेतली नाही आणि तसा अंगरखा पुन्हा कुणाला शिवलाही नाही. टाके इतके बारीक घातले होते की तो बैलानं ओढला तरी उसवला नसता.

पांढरा पट्टा बांधून वस्ताद त्या शाळेतल्या बाईंच्या शेजारी उभे राहिले. ज्या पोरांना ते पहिल्या तासाला शिकवायचे, ती दारातून बघायची. पहिला धडा पडण्याचा. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करून मागे जायचं आणि तळहातानं मॅटवर सपकन मारायचं. कारकुनाला ते दुसऱ्या दिवशी जमलं. वस्तादांना जमेना. सगळी उमर पाठ टेकू नये म्हणून घालवलेली; मागे ढकललं की अंग आपोआप हवेत वळायचं आणि ते पोटावर पडायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभ अजून शाबूत होता.

"वस्ताद, टेकू द्या पाठ," मॅडम म्हणायच्या. "इथं शिकताना कुणी हरत नाही."

"कळतंय हो मॅडम. अंगाला कळत नाही."

ज्या दिवशी पहिल्यांदा नीट पाठीवर पडले, त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन त्यांनी ताटाला हात लावला नाही. ताईनं विचारलं तर म्हणाले, पोरांनी बघितलं.

पण शिकले. हट्टी माणूस, महिन्या-महिन्यानं शिकत गेले. फेकण्याचे डाव तर त्यांना आधीच येत होते. आपल्या धोबीपछाडीचंच यांनी नवं नाव ठेवून बारसं केलंय, असं ते मला कानात सांगायचे. परीक्षेत शेवटी एक कोपराचा पेच होता. समोरच्याला आडवं पाडायचं, त्याचा हात आपल्या दोन मांड्यांमध्ये आवळायचा आणि कंबर उचलून कोपर उलट्या बाजूला ताणायचं. मॅडमनी पन्नासदा बजावलं होतं: दुखायच्या आधी थाप मारा, मॅटवर नाहीतर समोरच्याच्या अंगावर. थाप पडली की समोरच्यानं त्या क्षणी सोडायचं, आणि थाप पडेपर्यंत हळूहळू ताणत राहायचं. मॅडम समोर उभ्या राहून मोजायच्या तेव्हा वस्तादही सांगितल्यासारखी थाप मारायचे. कारकून तर कुणी नुसता हात धरला तरी थापा मारायचा. त्याला सगळे हसायचे आणि तोही हसायचा.

परीक्षा आठवड्यावर आली होती. त्या संध्याकाळी वस्ताद आणि कारकून यांची जोडी लागली. मॅडम बघत होत्या. तेवढ्यात साहेब दारात आले आणि नव्या वेळापत्रकाबद्दल काहीतरी विचारायला मॅडमना हाक मारली. मॅडम सगळ्यांना "थांबा जरा" म्हणून दाराकडे गेल्या. ते 'थांबा' या दोघांना ऐकू गेलं नाही, कारण तोवर कारकुनानं वस्तादांना खाली घेऊन हात मांड्यांत आवळला होता. चष्मा बाकावर ठेवलेला. पुढचं मला दवाखान्याच्या जिन्यात त्यानंच सांगितलं. तो जिन्याचा कठडा धरून रडत होता.

"मी थापेची वाट बघत होतो हो. मॅडमनी सांगितलंय ना, थाप पडेपर्यंत हळूहळू ताणा. मी हळूच ताणत होतो. मला वाटलं, वस्ताद आहेत, यांना काय होतंय. यांचं तोंड मला दिसलं नाही. आणि मग आवाज आला."

कोपर निखळलं, हाडाचा तुकडा उडाला, आतल्या शिरा तुटल्या. हात राहील, पण पूर्ण सरळ होणार नाही आणि त्यात जोर येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुस्ती शिकवणाऱ्याच्या उजव्या हाताबद्दल सांगितलं.

मी खाटेशेजारी बसलो आणि विचारलं, "भावोजी, दुखत नव्हतं का?"

"दुखत होतं."

"मग थाप का नाही मारली? डावा हात मोकळा होता ना?"

छताकडे बघत ते म्हणाले, "ध्यानातच आलं नाही. वाटलं, फार झालंय, आता कुणीतरी थांबवेल. शिट्टी होईल."

"कोण मारणार होतं शिट्टी? मॅडम दारात, साहेब दारात, तो बिचारा आंधळा. कोण बघत होतं तुमच्याकडे?" माझा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. ताईनं माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं. मला त्यांचा राग आला होता आणि अजूनही आहे. एका माणसानं थापेची वाट बघितली, दुसऱ्यानं शिट्टीची. दोघंही आपापल्या गुरूनं शिकवलं तसंच वागले. मॅडमचीही चूक नाही; त्या बाई दवाखान्यात दोन रात्री बसून होत्या, आणि आता नवीन माणसाला पडायच्याही आधी थाप मारायला शिकवतात. कुणाला शिव्या घालाव्यात तेच कळत नाही, म्हणून जास्त जळफळाट होतो.

साहेब घरी येऊन गेले. खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "वस्ताद, झेपत नव्हतं तर आधी बोलायचं होतं. आपण काहीतरी मार्ग काढला असता." वरातीमागून घोडं. वस्ताद नुसते मान हलवत होते. हॉलचा पहिला तास आता नवशिक्या मोठ्यांना गेला आहे. कुस्तीची पोरं काही दिवस दारात येऊन उभी राहायची, मग पांगली. कुस्तीचं कापड भिंतीला उभं आहे, त्याच्या आडोशाला लोक चपला काढतात. पदकवाल्या पोरानं मोबाइलवर हात जोडलेलं चित्र पाठवलं. दर रविवारी न चुकता येतो तो फक्त कारकून. फळं आणतो, चष्मा पुसत बसतो आणि विम्याच्या गोष्टी सांगतो. त्यानं ज्युदो सोडला.

हाताचा व्यायाम ताई करून घेते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला दाखवून दिलं: एका हातानं दंड धरा, दुसऱ्यानं मनगट, सावकाश वाकवा, दुखलं की ते सांगतील, तिथं थांबा. परवा मी गेलो तेव्हा तेच चाललं होतं. तिनं त्यांची खुर्ची खिडकीसमोर ओढून घेतली होती, उजेड तोंडावर पडेल अशी. वस्ताद समोरच्या भिंतीकडे बघत गप्प बसले होते. ताई हात वाकवत होती, पण नजर हातावर नव्हती. जबड्याशी कातडी जराशी हलली आणि ती थांबली.

"तुला कळतं कसं गं?" मी विचारलं.

"लग्न झाल्यापासून हेच करतेय," ती म्हणाली. "कधी पुरे झालं ते मीच ओळखायचं. कंटाळा आलाय रे मला. जन्मात एकदा तरी यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणावं, बास."

वस्तादांनी ते ऐकलं. त्यांनी हात पुन्हा तिच्यापुढे केला, आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत तो वाकवू लागली.